हरल्यावर राक्षसाचं काय करायचं?

नरकचतुर्दशीच्या पहाटे काकांनी उंबऱ्याशी कारीट ठेवलं, डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडलं, ‘गोविंदा’ म्हणाले आणि त्याची कडू बी जिभेला लावून आत आले. भिवंडीजवळच्या वळ गावात आमच्या घराभोवती आता भातशेती उरलेली नाही. पडवीत बसलं की तिन्ही बाजूंना गोडाऊनचे पत्रे दिसतात आणि रस्त्यावरचे कंटेनर ऐकू येतात. दिवाळीआधीचे पंधरा दिवस इथे रात्रंदिवस माल हलतो. मग दोन-तीन दिवस शटर खाली येतात आणि गाव पुन्हा गावासारखं वाटतं. कारीट मात्र अजून मिळतं. कंपाउंडच्या भिंतीलगत त्याचा वेल न लावताच उगवतो.

त्याच पहाटे आतल्या खोलीत माझ्या धाकट्या बहिणीनेही एक राक्षस मारला होता. घरात तिला सगळे बाय म्हणतात. दिवसा ती एका गोडाऊनमध्ये इनवर्डचं काम बघते. आलेल्या मालाचं चलन तपासायचं, बारकोड स्कॅन करायचा, पेट्या मोजून घ्यायच्या. रात्री कॉम्प्युटरवर ‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ हा चिनी गेम खेळते. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावच्या सप्ताहात अजूनही पखवाजाला बसतात.

अभ्यंगस्नान झाल्यावर फराळाच्या ताटाशी दोघांचं जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवलं. लहानपणी आम्हाला राक्षस भेटले ते काकांच्या तोंडून. आताच्या पोरांना ते पडद्यावर भेटतात, दूरच्या देशातून येतात. पण राक्षस कुठलाही असो, गोष्ट सांगणाऱ्यापुढचा खरा प्रश्न तो हरल्यावर सुरू होतो, असं मला त्या सकाळी वाटलं.

काका : डोळे लाल झालेत गं तुझे. झोपली नाहीस?

बाय : झोपणार कशी, काका? तीन आठवडे एकच राक्षस छळत होता. आज अडीच वाजता पडला. ह्वांग मेई त्याचं नाव, म्हणजे पिवळ्या भुवयांचा.

काका : आणि त्याला मारणारी तू कोण?

बाय : मी वानर. हातात लोखंडी काठी. ढगावर बसायचं, रूप बदलायचं, केस उपटून फुंकले की माझ्यासारखी आणखी वानरं तयार. मेले तर वाटेवरच्या भूमीदेवाच्या छोट्या घुमटीपाशी पुन्हा जागी होते. तिथे उदबत्ती लावायची आणि परत निघायचं.

काका : म्हणजे मेल्यावर गावदेवीच्या पायाशी. बरं आहे की. हा वानर म्हणजे आपला मारुतीच नाही का?

बाय : त्यावर चीनमध्येही वाद झालाय. हू शी नावाच्या विद्वानांना वाटायचं, हा वानर हनुमानावरूनच आला. लेखक लू शुन म्हणायचे, नाही, आमच्याच जुन्या कथेतल्या एका जलराक्षसावरून आला. मूळ कादंबरी सोळाव्या शतकातली, ‘श्यी यू जी’, पश्चिमेची यात्रा. एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतो आणि सून वूकाँग हा वानर त्याची राखण करतो. हांगझोऊच्या गेम सायन्स कंपनीने त्याच्यावर हा गेम केला. २० ऑगस्ट २०२४ला आला आणि तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या.

काका : तो भिक्षू खरा होऊन गेला, बाय. युआन श्वांग. मी चौथीच्या पोरांना शिकवायचो. सातव्या शतकात आला, इसवी सन ६४१च्या सुमाराला महाराष्ट्रातून गेला. पुलकेशी राजाचं राज्य होतं तेव्हा. त्याचं पुढे सांगतो. आधी तुझा पिवळ्या भुवयांचा सांग. त्याने काय पाप केलं?

बाय : देऊळ बांधलं.

काका : ते पाप कसं?

बाय : खोटं देऊळ. भिक्षूला जायचंय बुद्धाच्या मेघगर्जना मंदिरात. वाटेत ह्वांग मेईने तसंच एक उभं केलं आणि पाटी लावली, ‘लहान मेघगर्जना मंदिर’. स्वतः बुद्ध होऊन आसनावर बसला, चेले अर्हत झाले. वानराला लांबूनच अशुभाचा वास आला. तो सांगतोय, आत जाऊ नका. पण भिक्षूने बुद्धाचं नाव वाचलं आणि आत जाऊन लोटांगण घातलं. झाली सगळ्यांना कैद. वानर तर दोन मोठ्या झांजांच्या मध्ये बंद.

काका : हा कालनेमी!

बाय : कोण?

काका : लक्ष्मणाला शक्ती लागली, मारुती औषधी आणायला निघाला. त्याला वाटेत अडवायला रावणाने कालनेमीला पाठवलं. त्याने मायेचा आश्रम केला, जटा वाढवल्या, ऋषी होऊन बसला. ये बाळा, थकलास, स्नान कर, मंत्र घे. अध्यात्म रामायणात आहे. तळ्यात मारुतीने मगर मारली, तिच्यातून शापातून सुटलेली अप्सरा निघाली आणि तिने सांगितलं की तो ऋषी खोटा आहे. तिकडे वानर, इकडे वानर. तिकडे खोटा बुद्ध, इकडे खोटा ऋषी. काय जुळतंय बघ.

बाय : माझ्या कामाच्या भाषेत सांगू? लेबल बरोबर, बारकोड बरोबर, वजनसुद्धा बरोबर. पेटी उघडली की आत दुसराच माल. असा माल पकडायला सगळ्यांत अवघड. फाटकी पेटी कोणीही बाजूला काढतो.

काका : म्हणून तो मला सगळ्यांत वाईट वाटतो. दहा तोंडांचा राक्षस समोरून आला तर माणूस पळेल तरी. साधूच्या वेषातला आला तर माणूस पाया पडतो. सीता फसली ती भिक्षेकऱ्याला. ज्याने लोकांची श्रद्धा वापरून लोकांना बांधलं, त्याला मारलंस ते ठीक केलंस. संपली गोष्ट.

बाय : माझी तिथे संपली नाही, काका. पडला तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच कसंतरी वाटलं. गेमवाल्यांनी त्याला नुसता मारायला ठेवलेला नाही. त्याला बोलायला दिलंय. माणसाच्या मनात हाव असतेच, व्रतं आणि उपदेश करून ती जात नाही, असं त्याचं म्हणणं. इतक्या वेळा त्याच्या हातून मेले, प्रत्येक वेळी ते ऐकलं. शेवटी वाटलं, हा अगदीच खोटं बोलत नाही.

काका : अर्धं खरं बोलल्याशिवाय कोणी कोणाला फसवू शकतो का? कालनेमीनेही मारुतीला ‘थकलायस’ असंच सांगितलं. तो थकला होताच.

बाय : पण राक्षसाचं म्हणणं ऐकूच नये का?

काका : ऐकावं. मग मला सांग, त्याच्या कैदेत कोण कोण होतं?

बाय : होते पुष्कळ. भिक्षू, यात्रेकरू, वाट चुकलेले.

काका : त्यातल्या एकाचं तरी नाव सांग.

बाय : ... नाही आठवत.

काका : बघ. तीन आठवडे त्याच्याशी लढलीस. त्याच्या भुवया, त्याची गदा, त्याचं तत्त्वज्ञान सगळं तुला पाठ. त्याने ज्यांना कोंडलं त्यांच्यातलं एक नाव नाही. माझी हरकत एवढीच आहे. राक्षसाला गहिरं करता करता आपण त्याच्या खाली चिरडलेल्यांना उथळ करून टाकतो. त्यांच्या वाट्याला ना भाषण, ना संगीत.

बाय : मान्य. मला ते बोचलं. पण दुसरी बाजूही ऐका. राक्षस कोण हे ठरवतं कोण? जिंकलेला. ज्योतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हेच विचारलं ना? पोथीत बळी असुर, आणि ज्योतिरावांच्या लेखी तो शेतकऱ्यांचा न्यायी राजा. परवा पाडव्याला आमची आई ओवाळताना बळीचं राज्य येवो म्हणेल. वामनाचं येवो असं कोणी बाई म्हणते का? म्हसोबा म्हणजे महिषासुरच, असं इतिहासकार कोसंबींनी दाखवलं. ज्याला देवीने मारलं म्हणतात त्याला शेताच्या बांधावर शेंदूर लावतात, आणि काही गावांत तर त्याचं जोगूबाई नावाच्या देवीशी लग्नही लावलंय. अकोला जिल्ह्यात सांगोळ्याला रावणाची मूर्ती पुजतात. म्हणजे आपल्याच लोकांना पोथीचा निकाल पूर्ण पटलेला नव्हता. राक्षसाचं न ऐकता त्याला मारायची सवय लागली, की उद्या कोणावरही ते लेबल चिकटवता येतं.

काका : हे तू बरोबर बोललीस. पण बळी आणि हा पिवळ्या भुवयांचा एका रांगेत बसवू नकोस. बळीने शब्द दिला आणि समोर कोण आहे हे शुक्राचार्यांनी सांगितल्यावरही पाळला. तिथे रूप बदलून आला तो वामन. तो हरलेला आहे, लबाड नाही. ह्वांग मेईने काय पाळलं? हरलेला वेगळा आणि फसवणारा वेगळा. दोघांनाही राक्षस म्हणणं ही पोथीची चूक असेल, पण दोघांनाही बिचारा म्हणणं ही तुमच्या पिढीची होईल.

बाय : बरं, फसवणाराच धरू. आता विचारते, अशाचं हरल्यावर काय करायचं? कारण त्या कादंबरीत जे केलंय त्याचा मला राग आहे.

काका : काय केलंय?

बाय : ह्वांग मेईकडे एक पिशवी असते. ती उघडली की समोरची सगळी फौज आत. वानराने आणलेली स्वर्गातली मदत पुन्हा पुन्हा त्या पिशवीत गेली. शेवटी मैत्रेय बुद्ध स्वतः आले. त्यांनी कलिंगडाचा मळा केला, वानर कलिंगड झाला, राक्षसाने तहानेने ते खाल्लं आणि वानर पोटात जाऊन नाचला. राक्षस गडाबडा लोळायला लागला. तेव्हा कळलं की हा मैत्रेयांच्याच पदरचा पोऱ्या. त्यांच्या गैरहजेरीत पिशवी आणि झांजा चोरून पळाला होता. आणि मैत्रेयांनी काय केलं? हसत हसत त्याच पिशवीत त्याला घातलं आणि घेऊन गेले. बस.

काका : शिक्षा?

बाय : काही नाही. आणि असं एकदाच होत नाही. त्या कादंबरीतला एक राक्षस लाओत्झूचा बैल, दोघे त्याचेच भट्टीवरचे पोरगे, कोणी बोधिसत्त्वाचा सिंह, कोणी हत्ती. वानर मारायला काठी उचलतो आणि वरून मालक येतो, थांब, हा आमचा. पांढऱ्या हाडांची एक राक्षसीण आहे, तिचं वर कोणी नाही. ती तीनदा रूप बदलून येते, कधी तरुण बाई, कधी म्हातारी, कधी म्हातारा, आणि वानर तिला जागेवर ठार करतो. चिनी वाचक हे कधीपासून बोलतात : ज्याचा मालक वर, तो राक्षस घरी जातो. ज्याचं कोणी नाही, तो मरतो. राक्षसाला समजून घ्या म्हणणारी मी. पण हे समजून घेणं नाही, काका. ही ओळखीवर सुटका आहे.

काका : आता तू माझ्या बाजूने बोलतेयस.

बाय : बोलतेय खरी.

काका : आपल्याकडेही तो धागा आहे. जय-विजय, विष्णूचे द्वारपाल. सनकादिकांना दारात अडवलं म्हणून शाप मिळाला. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू झाले, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. तेही शेवटी वैकुंठाला परतले. पण कसे? तीन जन्म मालकाच्याच हातून मरून. मालकाने हसत पिशवीत घातलं नाही. घरचा माणूस म्हणून सूट दिली नाही.

बाय : म्हणजे मारणं हाच हिशेब?

काका : एकेकाळी मीही तसंच म्हटलं असतं. पण जेजुरीला तू लहानपणी आली होतीस. मणी आणि मल्ल आठवतात?

बाय : खंडोबाने मारलेले दोघे भाऊ.

काका : दोघे भाऊ, गुन्हा एकच. मणिचूर्ण डोंगरावरच्या ऋषींना छळलं, त्यांचे आश्रम मोडले. सहा दिवस लढाई झाली, ती चंपाषष्ठीला संपली. मणी पडताना शरण आला. आपला पांढरा घोडा त्याने देवाला दिला आणि मागितलं की तुझ्या देवळात मला जागा असू दे. जेजुरीच्या गडावर त्याची मूर्ती आहे, लोक तिला हात जोडतात. मल्लाला देवाने तसंच विचारलं, तर एका कथेत तो मागतो की जगाचा नाश होऊ दे. त्याचं शिर देवळाच्या पायरीशी. येणाराजाणारा त्यावर पाय देऊन वर जातो.

बाय : पण देवाचं नाव मल्हारी. मल्लाचा अरी. म्हणजे नाव घेताना दरवेळी पहिला उच्चार त्याचा.

काका : होय. पायाखालीही तो आणि जिभेवरही तोच. मणी-मल्लाची गोष्ट सांगणाऱ्याने कोणालाच हद्दपार केलं नाही. पण दोघांना सारखंही केलं नाही. जो बदलला त्याला देवळात जागा, जो बदलला नाही त्याला पायरी. आणि दोन्ही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तुझ्या मैत्रेयांची पिशवी मला यासाठीच आवडत नाही. पिशवीत काय झालं ते कोणाला दिसत नाही. कोंडलेल्या यात्रेकरूंना तर नाहीच.

बाय : तुम्ही युआन श्वांगचं काही सांगणार होतात.

काका : तेच आलं आता. त्याने महाराष्ट्राच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय. स्वभावाचे ताठ, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर सूड घेणारे. पण सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघेही शस्त्र घेऊन उभे राहतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. ज्याच्यावरून तुझी ती कादंबरी निघाली, त्या खऱ्या यात्रेकरूने आपल्या मुलखात हे पाहिलं. गोष्टीतला भिक्षू खोट्या देवळाला फसला. खरा भिक्षू डोळे उघडे ठेवून फिरला. सतरा-अठरा वर्षांनी, ६४५ साली, ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला.

बाय : आधी कळवणं. म्हणजे खोट्या वेषाच्या बरोबर उलट.

काका : अगदी. मी अमुक आहे, तुझ्याशी लढायला येतोय. या एका वाक्यात कालनेमी आणि ह्वांग मेई दोघेही बाद होतात.

बाय : काका, पण जो शरण आला नाही, पायरीखाली गेला, त्याचा काहीच उपयोग नाही का उरत? हे मी राक्षसाच्या बाजूने नाही विचारत. गोष्टीच्या बाजूने विचारतेय.

काका : त्याचं उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. माझे गुडघे दर थंडीत कुठे घेऊन जातेस?

बाय : अकलोलीला. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर.

काका : ते पाणी गरम का?

बाय : जमिनीत खोलवर तापून वर येतं. गंधकाचा वास येतो.

काका : ते झालं शाळेतलं. माझ्या आईने मला दुसरं सांगितलं होतं. कलिकाल नावाच्या राक्षसाने तिथल्या ऋषींना छळलं, देवीने त्याला मारलं. ते गरम पाणी म्हणजे देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त. वसई १७३९ साली सर झाली, चिमाजीअप्पांनी नवस बोलला होता म्हणून देऊळ उभं राहिलं, किल्ल्यासारख्या तटाचं. पण कुंडं त्याच्याही आधीची. तानसा नदीच्या काठाने माणसं येतात. कोणाची त्वचा बिघडलेली, कोणाचे सांधे धरलेले. राक्षसाच्या रक्तात बसतात आणि बरं वाटलं म्हणून देवीला नारळ फोडतात.

बाय : ज्याने छळलं त्याच्याच उष्णतेने दुखणं शेकायचं.

काका : आणि लक्षात घे, कोणीही कलिकालाची माफी मागत नाही. त्याचं देऊळ नाही, त्याचा नवस नाही. तो गुन्हेगार तो गुन्हेगारच. पण त्याची धग वाया घालवली नाही. ती छळलेल्यांच्या कामाला लावली. गोष्ट सांगणाऱ्याने राक्षसाचं जास्तीत जास्त एवढं करावं, असं मला वाटतं.

बाय : मग माझ्या गेममधलं तत्त्वज्ञान हीच ती धग. माणसाच्या हावेबद्दल तो जे बोलतो ते मी फेकून देणार नाही. देऊळ दिसलं की पाटी वाचून आत शिरायचं नाही, एवढं मला त्याच्याकडूनच कळलं. पण त्याच्यासाठी वाईट वाटून घेण्याआधी परत एकदा त्या कैदखान्यात जाईन. खेळताना घाईत पळत सुटले होते. या खेपेला तिथले कैदी काय बोलतात ते थांबून ऐकते.

काका : ऐक. आणि मलाही सांग. गेममधली माणसं बोलतात हे मला आजच कळलं.

बाय : तुम्हीच या ना बसायला. दुसऱ्या भागात एक मुंडकं नसलेला भिक्षू भेटतो, हातात तंतुवाद्य घेऊन गातो. उत्तर शाआन्शीकडच्या खऱ्या कथेकऱ्याचा आवाज आहे. ऐकताना मला आपला गोंधळ आठवतो. पखवाज वाजवणाऱ्याने ते ऐकायलाच हवं.

एवढं बोलून बाय उठली आणि दारात गेली. चिरडलेलं कारीट अजून उंबऱ्याशी पडलं होतं, रांगोळीच्या कडेला, हिरवं-पिवळं. तिने वाकून त्यातली एक बी उचलली.

बाय : काका, कारीट चिरडतात ते कळलं. नरकासुर मेला. पण बी जिभेला का लावतात?

काका : माझ्या आजाने लावली, बापाने लावली. मी कधी विचारलं नाही.

तिने बी जिभेवर ठेवली. तोंड कडू झालेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं, पण ती लगेच थुंकली नाही. पत्र्यांवरून ऊन पडवीत आलं होतं. काकांनी फराळाचं ताट तिच्याकडे सरकवलं आणि करंजीवर बोट ठेवून म्हणाले, “आता हे खा. पण सावकाश. ती चव आधी नीट लक्षात राहू दे.”